बदली सलामीवीर

गिरण्यांच्या मुंबईत ‘बदली कामगार’ हा शब्द घराघरांत ठाऊक होता. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या मागावर उभे राहण्यासाठी पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दारात येऊन थांबायचे, नाव पुकारले गेले तर आत जायचे, नाही तर भरलेला डबा तसाच घेऊन घरी परतायचे, असे ते जिणे होते. बदली कामगार कामात उणा असे, असे मुळीच नाही. कित्येकदा त्याचा हात अधिक साफ असे. परंतु त्याची हजेरी दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून असे. गिरण्या बंद पडल्या, चाळींतली कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी पांगत गेली, आणि हा शब्दही जुन्या माणसांच्या बोलण्यापुरता उरला. डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणे याची एकदिवसीय सामन्यांतील कारकीर्द बारकाईने पाहिली तर मात्र हाच शब्द नेमका वाटतो.

रहाणेने एकदिवसीय सामन्यांत ३ शतके केली. पहिले २०१४ च्या सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅम येथे इंग्लंडविरुद्ध, १०६ धावांचे. दुसरे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटक येथे श्रीलंकेविरुद्ध, १११ धावांचे. तिसरे २०१७ च्या जूनमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडिजविरुद्ध, १०३ धावांचे. तिन्ही वेळा तो सलामीला आला होता. तिन्ही वेळा समोरच्या टोकाला शिखर धवन होता. आणि तिन्ही वेळा रोहित शर्मा संघात नव्हता. पहिल्या दोन वेळा दुखापतीमुळे, तिसऱ्या वेळी विश्रांतीमुळे. कायम कामगार रजेवर गेला की बदलीवाल्याचे नाव पुकारले जाई, त्याने शतक ठोकावे आणि कायमवाला परतला की पुन्हा दाराबाहेर उभे राहावे! आकडेवारीच्या पुस्तकात ९० सामने, २९६२ धावा, ३५.२६ ची सरासरी एवढीच नोंद राहते. ती वाचून कुणालाही वाटेल की बरा खेळाडू होता, संधी मिळाली, जमले तेवढे केले. हा समज दुरुस्त करणे आवश्यक आहे.

अजिंक्यचा जन्म ६ जून १९८८ चा, अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात आश्वी खुर्द येथला. वाढला तो डोंबिवलीत. वडील ‘बेस्ट’मध्ये नोकरीला, घरची परिस्थिती मुंबईच्या चाकरमान्याची असते तशी. स. वा. जोशी विद्यालयातून त्याने शालान्त परीक्षा दिली. सातव्या वर्षी वडिलांनी त्याला डोंबिवलीतल्याच एका लहानशा शिबिरात घातले. तिथे मॅटिंगची खेळपट्टी होती, कारण चांगले शिक्षण देणाऱ्या मोठ्या शिबिराचा खर्च पेलणारा नव्हता. रिक्षाला पैसे नसत, म्हणून आई एका हाताने धाकट्या भावाला कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने क्रिकेटचे सामान वाहत चालत जाई, असे त्यानेच मुलाखतीत सांगितले आहे. पुढे आझाद मैदानावर जाण्यासाठी डोंबिवलीहून लोकलने एकट्याने प्रवास करण्याची वेळ आली, तेव्हा वडिलांनी एक दिवस सोबत नेले आणि दुसऱ्या दिवसापासून एकट्याने जायला सांगितले. मुलगा गाडीत चढला. वडील मागच्या डब्यात बसून तो नीट उतरतो का हे पाहत गेले. ही आठवणही त्यानेच सांगितलेली. गर्दीच्या वेळी डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर उभे राहिलेल्या कुणालाही त्या मागच्या डब्यातल्या बापाची घालमेल समजावून सांगावी लागणार नाही.

मॅटिंगवरच्या क्रिकेटची एक गंमत असते. काथ्याच्या चटईवर पडलेला चेंडू थांबत नाही, दबत नाही. तो सरळ, चांगला उसळून बॅटवर येतो. अशा खेळपट्टीवर शिकलेल्या मुलाला मागच्या पायावर उभे राहून कट मारणे, उसळत्या चेंडूला वरून दाबणे, वेगाचा उपयोग करून चेंडू दिशा बदलून सीमेपार धाडणे हे अंगवळणी पडते. त्याला वेग आवडू लागतो. उलट चेंडू जुना, मऊ झालेला, खेळपट्टी संथ आणि फिरकी गोलंदाज हवेत उंच सोडून फलंदाजाला फसवत असलेला, अशा वेळी हे तंत्र थोडे अडखळते. रहाणेच्या फलंदाजीतले बळ आणि उणीव या दोन्हींचा उगम अशा पायाभरणीत असावा, असे म्हणण्यास जागा आहे. पुढे १७ व्या वर्षापासून प्रवीण आमरे यांनी त्याच्या खेळाला मुंबईचे शिस्तबद्ध वळण दिले, पण पाया डोंबिवलीतच घातला गेला होता.

असा फलंदाज कुठे खेळवावा? नव्या चेंडूसमोर. एकदिवसीय क्रिकेटमध्ये २०११ च्या उत्तरार्धापासून दोन्ही टोकांनी वेगवेगळे नवे चेंडू वापरण्याचा नियम आला. चेंडू अधिक काळ कडक राहू लागला, पहिल्या १० षटकांत ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक. ताकदीपेक्षा वेळ साधणाऱ्या फलंदाजासाठी याहून चांगली सोय नाही: दोन खेळाडूंच्या मधून चेंडू काढला की चौकार. हाच फलंदाज २५ व्या षटकात चौथ्या क्रमांकावर आला की वर्तुळाबाहेर चार-पाच क्षेत्ररक्षक पसरलेले असतात, चेंडू मऊ झालेला असतो, आणि त्याच सुंदर फटक्याला एकच धाव मिळते. मग टीकाकार म्हणतात, याला धावगती राखता येत नाही! सुताराच्या हाती करणी द्यायची आणि भिंत तिरकी झाली म्हणून रागवायचे, त्यातला हा प्रकार.

सलामी ही रहाणेला अपघाताने मिळालेली गोष्ट नव्हती. सप्टेंबर २००७ मध्ये मोहम्मद निसार करंडकासाठी मुंबईचा संघ कराचीला गेला. तिथे कराची अर्बन संघाविरुद्ध रहाणे प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळला. साहिल कुकरेजाबरोबर तो सलामीला उतरला आणि पहिल्याच डावात १४३ धावा काढल्या. वय १९. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे २००८-०९ च्या रणजी हंगामात हजाराहून अधिक धावा, मुंबईला विजेतेपद. ३१ ऑगस्ट २०११ रोजी मँचेस्टरला भारताकडून पहिला ट्वेंटी-२० सामना, सलामीला ६१ धावा. तीनच दिवसांनी चेस्टर-ल-स्ट्रीटला पहिला एकदिवसीय सामना, पुन्हा सलामीला, ४० धावा. २०१२ च्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून सलामीला ५६० धावा आणि बंगळूरविरुद्ध नाबाद १०३. राहुल द्रविडसारखा जाणता कर्णधार त्या संघात होता. त्याला या मुलाची जागा कोणती हे विचारावे लागले नाही.

जानेवारी २०१३ मध्ये इंग्लंडचा संघ एकदिवसीय मालिकेसाठी आला होता. पहिल्या तीन सामन्यांत गौतम गंभीरबरोबर रहाणे सलामीला गेला. राजकोटला त्याने ४७ धावा केल्या, पुढच्या दोन सामन्यांत तो लवकर बाद झाला. २३ जानेवारीला मोहालीच्या चौथ्या सामन्यात त्याला वगळण्यात आले आणि त्याच्या जागी सलामीला आला रोहित शर्मा. त्याने ८३ धावा केल्या. भारतीय क्रिकेटचा पुढचा दशकभराचा इतिहास त्या एका बदलातून घडला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

योगायोग असा की रोहितचे नातेही डोंबिवलीशीच आहे. जन्म नागपूरचा, घरची भाषा तेलुगू, मराठी मुंबईकराइतकीच सफाईची. वडिलांचे उत्पन्न बेताचे. आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहत, आणि मुलगा बोरिवलीला आजी-आजोबा व काकांकडे वाढत होता; आठवड्याच्या शेवटी आईवडिलांना भेटायला यायचा. दिनेश लाड यांनी त्याला हेरले, विवेकानंदांच्या नावाच्या शाळेत आणले, फी माफ करवून घेतली, आणि ऑफस्पिन टाकणाऱ्या त्या मुलातला फलंदाज बाहेर काढला. एका घराला न पेलणारे मूल दुसऱ्या घराने आपले म्हणून वाढवावे, त्याचा हिशेब कुणी मांडू नये, ही आपल्या एकत्र कुटुंबाची जुनी रीत. ती नसती तर रोहित शर्मा हे नाव कुणाला कळलेच नसते. अलीकडे ‘आम्ही दोघे आणि आमचे एक’ या चौकोनात सुखाने राहणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे, एवढेच.

रोहितच्या यशाबद्दल कुणाचेही मन कोते असण्याचे कारण नाही. पण त्या यशाचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. २००७ च्या जूनमध्ये तो भारताकडून खेळू लागला आणि मोहालीच्या सामन्यापर्यंत साडेपाच वर्षे मधल्या फळीत चाचपडत राहिला. त्या काळात त्याच्या नावावर दोनच शतके होती, दोन्ही २०१० मध्ये झिम्बाब्वेत केलेली. गुणवान पण बेभरवशाचा, अशी त्याची संभावना होत असे. २०११ च्या विश्वचषकातही त्याला स्थान मिळाले नाही. २०१३ मध्ये सलामीची जागा मिळाली, आणि मुख्य म्हणजे ती त्याची आहे हे त्याला सांगितले गेले. त्याच वर्षी बंगळूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९, पुढच्या वर्षी ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध २६४, २०१७ मध्ये मोहालीला नाबाद २०८. २०१९ च्या विश्वचषकात पाच शतके. कसोटीतही तेच: मधल्या फळीत आत-बाहेर करणारा रोहित ऑक्टोबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमला प्रथमच सलामीला आला आणि त्याने १७६ व १२७ धावा केल्या. फलंदाज तोच, मनगटे तीच. बदलली ती जागा, आणि जागेची खात्री.

ही खात्री रहाणेला एकदिवसीय क्रिकेटमध्ये कधीच मिळाली नाही. २०१४ मध्ये दोन शतके सलामीला करून २०१५ च्या विश्वचषकात तो मधल्या फळीत खेळला. मेलबर्नला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने ६० चेंडूंत ७९ धावांची देखणी खेळी केली, तरी काही महिन्यांतच बांगलादेशच्या दौऱ्यात तो संथ खेळपट्टीवर धावफलक हलता ठेवू शकत नाही, असे कर्णधाराने जाहीरपणे सांगून त्याला बाहेर बसवले. २०१६ च्या मार्चमध्ये वानखेडेवर विश्वचषकाचा ट्वेंटी-२० उपांत्य सामना; धवनला वगळून रहाणेला सलामीला पाठवले, त्याने ४० धावा केल्या, सामना गेला, आणि त्याच वर्षी त्याची ट्वेंटी-२० कारकीर्दही संपली. २०१७ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात रोहितच्या अनुपस्थितीत पाच सामन्यांत ३३६ धावा, मालिकावीर. लगोलग श्रीलंकेच्या मालिकेत तो बहुतेक वेळ राखीव!

त्यानंतर आली ऑस्ट्रेलियाविरुद्धची घरची मालिका. धवन घरगुती कारणाने खेळणार नव्हता. म्हणून पुन्हा बदलीचे नाव पुकारले गेले, आणि या वेळी समोरच्या टोकाला होता रोहित. २४ सप्टेंबर २०१७ ला इंदूरमध्ये दोघांनी १३९ धावांची सलामी दिली. २८ तारखेला बंगळूरला १०६. १ ऑक्टोबरला नागपूरला १२४. सलग तीन शतकी भागीदाऱ्या, ऑस्ट्रेलियासारख्या संघासमोर! डोंबिवलीच्या एका घरातून आझाद मैदानाकडे जाणारा मुलगा आणि शनिवार-रविवारी डोंबिवलीच्या एका खोलीत आईवडिलांना भेटायला येणारा मुलगा, दोघे भारताच्या डावाची सुरुवात करीत होते. या शहराने त्या आठवड्यात गुढ्या उभारायला हव्या होत्या. रहाणेच्या धावा त्या मालिकेत ५, ५५, ७०, ५३, ६१. धवन परतला आणि रहाणे पुन्हा बाकावर गेला. १६ फेब्रुवारी २०१८ ला दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियन येथे तो शेवटचा एकदिवसीय सामना खेळला, तोही चौथ्या क्रमांकावर. वय २९.

निवड समितीची बाजू नाही असे नाही. रोहित आणि धवन ही डाव्या-उजव्या हातांची जोडी होती आणि २०१३ चा चॅम्पियन्स करंडक भारताने त्या जोडीच्या बळावर जिंकला. ती मोडावी असे कुणी म्हणणार नाही. रहाणेची धावगतीही, शंभर चेंडूंत ७८-७९ धावा, त्या काळातल्या इतर सलामीवीरांपेक्षा कमी होती. हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो. तिसरा सलामीवीर म्हणून त्याला जपावे, त्याला तसे सांगावे, धवन-रोहित यांना आळीपाळीने विश्रांती देऊन त्याला नियमित सामने द्यावेत, हे करता आले नसते का? ते न करता त्याला चौथ्या क्रमांकाचे दुखणे बरे करण्यासाठी वापरले गेले. २०१९ च्या विश्वचषकात तो चौथा क्रमांकच भारताला भोवला हे सर्वांनी पाहिले. त्या वेळी रहाणे भारतीय संघात नव्हता, इंग्लंडमध्येच हॅम्पशायर परगण्याकडून खेळत होता. कुणी कट केला, असे नाही. कट करायला निदान विचार तरी करावा लागतो. इथे विचारच झाला नाही.

कसोटीत त्याची जागा पाचवी ठरली, तीही १६ महिने संघाबरोबर फिरून, पाणी पोचवून, मार्च २०१३ मध्ये दिल्लीला मिळाली. ती त्याने स्वीकारली आणि तिथे नाव केले. परदेशांत पाचव्या क्रमांकावर येणाऱ्या भारतीय फलंदाजाला बहुधा सलामीवीराचेच काम करावे लागते, कारण तो येतो तेव्हा चेंडू बराचसा नवाच असतो आणि तिघे परतलेले असतात! जुलै २०१४ मध्ये लॉर्ड्सच्या हिरव्यागार खेळपट्टीवर पहिल्या दिवशी त्याने काढलेल्या १०३ धावा ही त्याची उत्कृष्ट साक्ष. तो सामना भारताने ९५ धावांनी जिंकला. डर्बनमध्ये ९६, वेलिंग्टनला ११८, मेलबर्नला १४७. नव्या चेंडूचा माणूस कुठेही पाठवला तरी नव्या चेंडूलाच भेटतो.

त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे कामही बदलीवरच झाले. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेड येथे भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. कर्णधार विराट कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतला, मोहम्मद शमी जायबंदी झाला, आणि उरलेला संघ रहाणेच्या हाती आला. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या. त्या डावात रवींद्र जडेजाच्या अर्धशतकासाठी पळताना तो धावबाद झाला. जाता जाता चेहऱ्यावर रागाची रेषही न उमटवता त्याने जडेजाच्या पाठीवर थोपटले. सामना ८ गडी राखून जिंकला. सिडनीला प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला शिवीगाळ झाली तेव्हा तो खेळ थांबवून पंचांशी बोलला. मैदान सोडण्याचा पर्याय संघाने नाकारला आणि जखमी खेळाडूंनिशी सामना अनिर्णित राखला. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनला, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती, तिथे भारत ३ गडी राखून जिंकला. विजयानंतर त्याने सर्वप्रथम १०० वी कसोटी खेळलेल्या नेथन लायनला भारतीय खेळाडूंच्या सह्यांची जर्सी दिली. मुंबईत परतल्यावर स्वागतासाठी आणलेल्या केकवर कांगारू होता. यजमान देशाचे ते मानचिन्ह आहे म्हणून त्याने तो कापायला नकार दिला. जिंकल्यावर प्रतिस्पर्ध्याची अवहेलना करू नये, हे त्याला कुणी नियमावलीतून शिकवले नव्हते. सहा कसोटींत नेतृत्व, चार विजय, दोन अनिर्णित, पराभव शून्य. आणि ती मालिका संपताच कोहलीकडे कर्णधारपद परत देताना त्याने शब्दानेही कुरकूर केली नाही.

या शांतपणाचे कौतुक फार झाले. मध्यमवर्गीय घरांत तर ते अधिकच झाले, कारण हा आपलाच मुलगा. ठाणे-कल्याण पट्ट्यात राहणारा माणूस लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागतो. अर्धे अंग बाहेर लोंबकळत असले तरी बसायला मिळाले यातच समाधान मानतो. जुळवून घेणे हा त्याचा स्वभाव होऊन बसला आहे. मुलांनाही तो हेच शिकवतो: वाद घालू नकोस, मिळेल ते कर, गुण असतील तर कधीतरी कुणाच्या लक्षात येईलच. ही शिकवण वाईट नाही. समाज त्यावरच उभा आहे. पण समजूतदार मुलाच्या वाट्याला नेहमी मोडकी खुर्ची यावी आणि ती त्याने हसत घ्यावी, हे संस्कारात बसत नाही. तो घरातल्या थोरांचा आळस असतो. जो भांडत नाही त्याची जागा निश्चित करून देण्याची जबाबदारी थोरांवर अधिक असते. भारतीय क्रिकेटच्या थोरांनी ती पाळली नाही आणि आपण, प्रेक्षकांनी, त्याच्या नम्रतेचे गोडवे गाऊन त्यांचे काम सोपे केले.

थोरांचा असाच आळस आपल्या शहरांतही दिसतो, म्हणून येथे थोडे विषयांतर. दादर, गिरगाव, परळ येथली मराठी कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याणला आली. मैदाने मात्र तिकडेच राहिली. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान, पावसाळी कांगा लीग, सारे तिथेच. ठाण्याला दादोजी कोंडदेव क्रीडागृह आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल, कल्याणला सुभाष मैदान. लाखोंच्या वस्तीला ही यादी पुरेशी आहे असे कुणी म्हणू शकेल का? त्यातही सभा, प्रदर्शने आणि लग्नसराई यांतून उरलेले दिवस खेळाचे. म्हणून मूल अजूनही खांद्यावर सामान टाकून सुमारे ५० किलोमीटर जाते. कल्याणचा तुषार देशपांडे २०२४ मध्ये भारताकडून खेळला. त्याच वर्षी रणजीच्या उपान्त्यपूर्व फेरीत अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने शतक केले होते, ते रहाणेच्याच नेतृत्वाखाली. ही मुले आपल्या शहरांची निर्मिती आहेत असे फलक लावताना जरा जपून बोलावे. त्यांना घडवले त्यांच्या आईवडिलांनी आणि मध्य रेल्वेने.

२०२१ नंतर रहाणेच्या कसोटीतल्या धावा आटल्या हे खरे. २०२२ च्या आरंभी तो वगळला गेला. जून २०२३ मध्ये श्रेयस अय्यरच्या दुखापतीमुळे, म्हणजे पुन्हा बदलीवरच, कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी परतला आणि ओव्हलवर ८९ व ४६ धावा काढल्या. पुढच्या महिन्यातल्या वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात दोन सामने खेळल्यावर त्याचे नाव पुन्हा गळाले. ८५ कसोटी, ५०७७ धावा, १२ शतके. ज्या सामन्यांत त्याने कसोटी शतक केले त्यांपैकी एकही भारत हरलेला नाही, ही नोंद निवड समितीच्या वहीत कुठल्या पानावर असेल कोण जाणे. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक घेतला. आणि त्याच वर्षाअखेरीस, वयाच्या ३७ व्या वर्षात, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मुंबईने त्याला सलामीला पाठवले. आंध्रविरुद्ध ९५, विदर्भाविरुद्ध ८४, उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध ९८. स्पर्धेत सर्वाधिक ४६९ धावा, शंभर चेंडूंत १६० हून अधिक या गतीने. धावगती नाही म्हणून ज्याला दूर केले, त्याने सलामीची जागा मिळताच हे दाखवले. फक्त तोवर दशक उलटून गेले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नेता घडावा म्हणून त्याने मुंबईचे कर्णधारपद आपण होऊन सोडले. ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडविरुद्ध बांद्रा-कुर्ला संकुलातील मैदानावर १५९ धावा काढल्या. त्या खेळीनंतर वार्ताहरांशी बोलताना त्याने कारकिर्दीत बहुधा प्रथमच मन मोकळे केले: वगळले तेव्हा आपल्याशी कुणी बोलले नाही, वयाचा प्रश्न नसतो, इच्छेचा असतो, आणि आदल्या वर्षीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात संघाला आपली गरज होती. आवाज चढला नव्हता, कुणाचे नाव घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी त्याला ‘रहाणेचा संताप’ असे मथळे दिले असतील तर तो त्यांचा प्रश्न. डोंबिवलीकरांना तो आवाज ओळखीचा होता. वर्षानुवर्षे चौथ्या सीटवर बसलेला माणूस एके दिवशी शेजाऱ्याला शांतपणे म्हणतो, जरा सरकून घ्या, त्यातला तो होता.